सरक्कीचा सिग्नल आणि कात्रजचा उतार

बंगळूरच्या जे. पी. नगरातली गाडी वर्षातले अकरा महिने ताशी वीस-पंचवीसच्या वर फारशी जात नाही. सरक्कीच्या सिग्नलला थांबायचं, रिंग रोडवर सरकत राहायचं, रागीगुड्ड्यापाशी पुन्हा थांबायचं. सिल्क बोर्ड येईपर्यंत ब्रेकवर पाय किती वेळा पडला याची मोजदाद कुणी ठेवत नाही. ब्रेक पॅड झिजत असतात, पण मालकाला ते जाणवत नाही, कारण वीसच्या वेगात अर्धेअधिक संपलेले पॅडसुद्धा गाडी चोख थांबवतात. मग दिवाळी येते. नाईस रोडवरून तुमकूर रोड गाठायचा, राष्ट्रीय महामार्ग ४८ धरायचा आणि चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत साडेआठशेच्या आसपास किलोमीटर तोडायचे. वाटेत खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं वळण लागतं, आणि पुण्याच्या तोंडाशी कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो सलग उतार. वर्षभर सिग्नलला झिजलेल्या पॅडची खरी परीक्षा तिथे होते. बंगळूरच्या मराठी घरांतून दर वर्षी कितीतरी गाड्या या वाटेनं गावी जातात. टायरची हवा, वायपरचं पाणी, फास्टॅगमधली शिल्लक सगळं पाहून होतं. पॅड पाहायचे राहतात.

ब्रेक म्हणजे मुळात गतीची उष्णता करणारं यंत्र. एक टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगानं चालली असेल, तर तिच्यात सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल ऊर्जा असते. पूर्ण थांबताना ती सगळी मुख्यतः डिस्क आणि पॅड यांच्या घासण्यातून उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत घरातलं साधं पाणी जवळजवळ साडेचारशे मिलिलिटर, म्हणजे तीन कप चहापुरतं, उकळीला येईल. वेग निम्मा केला तर ऊर्जा चौथाई होते, म्हणून गावातला प्रत्येक थांबा ब्रेकच्या दृष्टीनं किरकोळ असतो. मात्र असे किरकोळ थांबे शेकड्यांनी येतात. ऑटोमॅटिक गाडी तर ब्रेकवरचा पाय काढला की आपोआप पुढे सरकते, त्यामुळे कोंडीत तिचे पॅड अंमळ लवकर संपतात.

घाटाचा हिशेब निराळा. तीच एक टनाची गाडी ३०० मीटर उंची उतरली, की तिचा वेग मुळीच वाढू न देता २९ लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. गिअर खालचा असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. गिअर वरचा किंवा गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो आणि तोही मधे दम न घेता.

इथे पॅडच्या जाडीचा संबंध येतो. नव्या पॅडवर पोलादी पाठीखेरीज साधारण १० ते १२ मिलिमीटर घर्षणाचा माल असतो. तो झिजणारा माल तर आहेच, पण डिस्कची धग मागे जाऊ न देणारी भिंतही तोच असतो. त्याच्या मागे कॅलिपरचा पिस्टन, पिस्टनच्या मागे ब्रेक ऑइल. पॅड पातळ झाले की धग लवकर पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइलला हवेतला ओलावा शोषण्याची खोड आहे. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं प्रमाण आहे, डॉट ४ साठी तोच आकडा २३० अंश आहे. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर ब्रेक चालतात, पण वाफ दाबली जाते. पेडल मऊ पडून थेट खाली जातं आणि गाडी मात्र पळत राहते. 'ब्रेक फेल झाले' असं आपण ज्याला म्हणतो, त्यातला बराच भाग हा असा असतो: महिनोन्‌महिने शिजत आलेला आणि उताराच्या चार मिनिटांत दिसलेला.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलापाशी एका मालवाहू ट्रकनं वाहनांच्या रांगेला धडक दिली. ४८ वाहनांचं नुकसान झाल्याचं अग्निशमन दलानं सांगितलं. पहिली बातमी ब्रेक निकामी झाल्याची होती. नंतर तपासात पुढे आलं ते असं, की डिझेल वाचवायला चालकानं उतारावर इंजिनच बंद केलं होतं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. आपल्या मोटारीत हवेचे ब्रेक नाहीत, पण पायाचं बळ वाढवणारा बूस्टर सहसा चालू इंजिनावरच अवलंबून असतो. इंजिन बंद पडल्यावर एखाद-दोनदा तो साथ देतो, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला अजूनही मोठ्या जाणतेपणानं दिला जातो. आजकालच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये राहून पाय सोडला तर इंधनाचा पुरवठा जवळपास तुटतोच. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन फिरतं ठेवायला थोडं पेट्रोल जळत राहतं. म्हणजे हा सल्ला कंजूस माणसाच्यासुद्धा कामाचा नाही.

घाट आणि ब्रेक यांचं नातं मोटारीइतकंच जुनं आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं अधिक. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिनं वाटेतल्या गावी चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर म्हणून याकडे बोट दाखवतात. पुढे इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यानं १८९७ पासून ब्रेकसाठी घर्षणाचा माल बनवायला सुरुवात केली. त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून आणि बायकोच्या नावातला ई घालून 'फेरोडो' हे नाव झालं, ते आजही पॅडच्या खोक्यांवर दिसतं. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ मध्ये घेतलं, पण तांब्याचे पॅड लोखंडी डिस्कवर असे काही किंचाळत, की लोकांनी ते दूरच ठेवले. १९५३ मध्ये जॅग्वारनं ल मांची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली आणि मग डिस्कचे दिवस आले. आपल्याकडे ते उशिरा आले. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि पुढची पद्मिनी चारी चाकांना ड्रम घेऊनच घाट चढली-उतरली. आता बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, पुढच्या चाकांवर निम्म्याहून बरंच जास्त काम पडतं, म्हणून पुढचेच पॅड आधी जातात.

पॅड संपत आल्याची खूण ऐकू येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पॅडला एक पोलादी पट्टी लावलेली असते. माल दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि चाक फिरताना बारीक, चिरका आवाज येतो. मात्र स्वस्तातल्या कित्येक पॅडना ही पट्टीच नसते. चिरका आवाज सोडून खरखर सुरू झाली असेल, तर माल संपून पोलादी पाठच डिस्कवर घासतेय असं समजा. मग गाडी जागची हलवू नये. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला तो खरवडल्याचा आवाज होतो. त्यात काही नाही.

आवाजापेक्षा खात्रीची खूण बॉनेटखाली असते, आणि तीच आपण पुसून टाकतो. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला ऑइल जातं आणि बाटलीतली पातळी हळूहळू खाली येते. कमाल आणि किमान रेघांच्या मधे ती कुठे आहे, यावरून पॅडचा साधारण अंदाज लागतो. पण पातळी उतरलेली दिसली की सर्व्हिसिंगवाला मुलगा तत्परतेनं ऑइल भरून देतो, आपणही खूश होतो. गळती नसताना उतरलेली पातळी म्हणजे निरोप असतो. तो वाचायचा आणि पॅड पाहायचे. आणखी एक चूक फार होते: चाकाच्या फटीतून वाकून पाहिलं, पॅड जाड दिसला, म्हणून निश्चिंत झालं. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या-गंजल्या असल्या, तर बाहेरचा पॅड शाबूत राहतो आणि आतला पोलादापर्यंत खाल्ला जातो. म्हणून चाक काढून पाहण्याला पर्याय नाही. माल तीन मिलिमीटर उरला की बदलायचा. लांबचा प्रवास तोंडावर असेल, तर मी चारलाच बदलीन.

बंगळुरात सुटे भाग घ्यायचे तर जुनी पेठ म्हणजे जे. सी. रोड, पूर्ण नावानं जयचामराजेंद्र रोड. दुकानाच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "याव गाडी? याव मॉडेल?" (कोणती गाडी? कोणतं मॉडेल?) उत्तर नुसतं गाडीचं नाव नको. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलना वेगळे कॅलिपर असू शकतात, तेव्हा आरसी आणि शक्य तर जुना पॅड बरोबर असावा. कंपनीचा माल, ब्रेक बनवणाऱ्या नावाजलेल्या कारखान्यांचा माल आणि नुसताच 'लोकल' असे तीन भाव सांगितले जातात. पहिल्या दोहोंतलं काहीही घ्या. पॅडच्या बाबतीत स्वस्त मालाची गोम अशी, की तो गावात छान चालतो. तापल्यावर त्याची पकड किती घटते हे कळायला घाटच लागतो. पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे मिळून बदलतात. एकाच बाजूला नवे घातले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते.

प्रत्यक्ष काम वाटतं तितकं अवघड नाही, फक्त गाडी उचलण्याचा भाग गंभीर आहे. जे. पी. नगरातल्या पुष्कळ इमारतींत गाड्या स्टिल्टमध्ये किंवा तळघरात असतात. रॅम्पवर किंवा उताराच्या जागेत हे काम करायचं नाही, फरशी सपाट आणि कोरडी हवी. (सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुरुस्ती चालते का, हे आधी विचारून घेतलेलं बरं, नाहीतर चाक निघालेलं असताना सेक्रेटरी येऊन उभे राहतात.) गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा किंवा लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे. गाडीबरोबर येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर चाक नसलेली गाडी ठेवून काम करायचं नाही. जॅकनं उचलून गाडी पक्क्या स्टँडवर टेकवायची, आणि काढलेलं चाक आणखी एक आधार म्हणून गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं. स्टँड नसतील तर हे काम करू नका. या प्रकरणातली दुसरी कुठली सूचना विसरलात तरी चालेल.

चाक निघालं की समोर डिस्क आणि तिला कवटाळून बसलेला कॅलिपर दिसतो. स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की त्याच्या मागचे दोन बोल्ट हाताशी येतात. बहुतेक छोट्या गाड्यांत खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर दारासारखा वर उघडतो. दोन्ही काढावे लागले, तर कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवायचा, कारण नळीला आतून इजा झाली तर ती बाहेरून दिसत नाही. पॅड कसे बसले होते, पट्टी कुठल्या बाजूला होती, पाठीमागच्या पातळ पत्र्याच्या चकत्या कशा होत्या, याचा मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे अडलं तर दुसऱ्या चाकाकडे पाहता येतं.

काळी भुकटी फुंकून उडवायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. पूर्वीच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि आजच्या मालातही फुप्फुसात जावं असं काही नाही. तोंडाला मास्क लावून ब्रेक क्लीनर किंवा ओल्या फडक्यानं पुसून घ्या. मग डिस्क पाहा. नखाला अडकतील असे खोल चर, निळसर भाजलेले डाग किंवा बारीक तडे असतील, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क बदलायचीच, लेथवर घासून गुळगुळीत केली म्हणून ती जाड होत नाही.

आता पिस्टन आत ढकलायचा. नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा लागते. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पनं सावकाश दाबत न्यायचं, आणि त्याआधी बॉनेटखालच्या बाटलीचं झाकण उघडून पाहायचं. पिस्टन आत जाताना ऑइल परत वर येतं. वर सांगितलेल्या तत्पर मुलानं ते काठोकाठ भरलं असेल, तर ते उतू जाऊन रंगावर सांडतं आणि रंग खातं. सांडलंच तर भरपूर पाण्यानं लगेच धुवा. पिस्टन हटत नसेल, भोवतीचं रबर फाटलं असेल किंवा तिथे ओल दिसत असेल, तर हात थांबवा. कॅलिपर उघडणं, एअर काढणं ही कामं मेकॅनिकची. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असतो. तिथला पिस्टन दाबून नव्हे, तर फिरवून आत जातो, आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरही लागतो. मागच्या ड्रमच्या स्प्रिंगांच्या नादीही पहिल्या खेपेला लागू नये.

सरकत्या पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचं खास ग्रीस पातळ लावून परत बसवा. हे काम घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये हमखास सुटतं, आणि आतला पॅड आधी संपण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. साधं चासिस ग्रीस चालत नाही, ते तापून वितळतं आणि रबर फुगवतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचं बोटही लागता कामा नये. पॅड बसवा, कॅलिपर खाली आणा, बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं आवळा. चाक चढवा, नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा आणि गाडी खाली उतरवल्यावर पुन्हा एकदा आवळा.

दोन्ही बाजू झाल्या की गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, इंजिन चालू करून, गाडी जागची न हलवता, ब्रेकचं पेडल सावकाश दाबत राहा. पहिल्या काही दाबांना ते थेट तळाला जातं, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत पोचलेला नसतो. ते वर येऊन घट्ट झाल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. हे विसरून रिव्हर्स घेतला, तर मागचा खांब तुमची वाट पाहत असतो. पेडल घट्ट झालं की ऑइलची पातळी पाहा. कमी असेल तर झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, सीलबंद बाटलीतलं भरा. उघडून ठेवलेली अर्धी बाटली नको, आणि इंजिन ऑइल तर चुकूनही नको. खनिज तेलाचा थेंबही आतल्या रबरी सीलची वाट लावतो.

पॅड झिजण्याच्या बाबतीत विजेच्या गाडीचा प्रकार उलटा आहे. तिथे पाय सोडला की मोटरच जनित्र होऊन वेग कमी करते, पॅड वर्षानुवर्षं टिकतात, आणि कमी वापरामुळे डिस्क गंजते, पिना अडकतात. पॅड जाड आहेत म्हणून चाक काढायचं टाळलं, तर बिघाड दिसतच नाही.

नवे पॅड बसले म्हणजे लगेच घाटाला तयार झाले असं नाही. पॅड आणि डिस्क एकमेकांना सगळीकडून टेकायला वेळ लागतो. शिवाय मालातली राळ पहिल्यांदा खूप तापली की वायू सोडते आणि पकड सुटल्यासारखी होते. म्हणून पहाटे रस्ता रिकामा असताना, मागे कुणी नाही हे पाहून, ताशी ५०-६० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा वेग उतरवावा. मधे गाडी चालू ठेवून डिस्क थंड होऊ द्यावी आणि तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहू नये. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारणं टाळावं, आणि मग एकदा चाकाचे नट आणि ऑइलची पातळी पुन्हा पाहावी.

हा सगळा हिशेब धरला तर दिवाळीला गावी जाणाऱ्यासाठी पॅडचा मुहूर्त खंडेनवमीचा. बंगळुरात त्या दिवशी आयुधपूजा असते. गाड्या धुतल्या जातात, बॉनेटला झेंडूच्या माळा चढतात, चाकाखाली लिंबं ठेवतात, कोहळा फोडतात. पूजेच्या निमित्तानं गाडी स्वच्छ होतेच, तेव्हा आदल्या दिवशी पुढची दोन चाकं काढून पाहिली, तर पॅड मागवायला, बदलायला आणि गावातल्या गावात रुळवायला दिवाळीपर्यंत जवळजवळ तीन आठवडे मिळतात. चाकांवर पाण्याचा जोरदार फवारा मारला असेल, तर पूजा झाल्यावर फेरी मारायला निघताना पहिले दोन-तीन ब्रेक हलकेच दाबून डिस्क कोरडी करून घ्या. ओल्या डिस्कची पकड पहिल्या क्षणी कमी असते, आणि पुढच्या गाडीचा मालक नुकताच हार घालून बाजूला झालेला असतो.